बुडत्या क्लबात जुना हिरो मॅनेजर म्हणून आणायचा असेल तर

मी फुटबॉल लीगची गुणतालिका खालून वर वाचते. तळाचे संघ हंगामाअखेर खालच्या श्रेणीत ढकलले जातात, त्यालाच रेलिगेशन म्हणतात. विजेतेपद कोण घेणार यापेक्षा शेवटच्या तीन जागांत कोण अडकलंय आणि तिथून कोण निसटणार, याकडे माझं लक्ष आधी जातं. आणि जवळपास दर हंगामात, कुठल्या ना कुठल्या देशातून तीच बातमी येते. मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, काढलं, त्याच्या जागी क्लबचा जुना लाडका खेळाडू आला. ज्याच्या नावाची गाणी स्टँडमध्ये अजून म्हटली जातात, तो आता टचलाइनवर उभा राहणार.

अशी नेमणूक करूच नये असं मी म्हणत नाही. ती बहुतेक वेळा घाबरून, दोन दिवसांत, काही न ठरवता केली जाते याचं मला वाईट वाटतं. क्लब खाली जातोच, शिवाय एका माणसाने सबंध कारकिर्दीत कमावलेलं प्रेमही पणाला लागतं. म्हणून हे लिहिते आहे. संचालक मंडळात बसणाऱ्यांसाठी, समर्थकांच्या बाजूने मंडळाला जाब विचारणाऱ्यांसाठी, आणि ज्याला असा फोन येऊ शकतो त्या माजी खेळाडूसाठीसुद्धा.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की मोठ्या नावामुळे क्लबला सवड मिळते, गुण मिळत नाहीत. प्रेक्षक दोन पराभव जास्त सोसतात, पत्रकार काही आठवडे जरा मवाळ विचारतात, ड्रेसिंग रूममधले रुसलेले खेळाडू निदान ऐकून तरी घेतात. ही सवड कशावर खर्च करायची हे नेमणुकीच्या आधी ठरलेलं असेल तर तिचा उपयोग होतो. ठरलेलं नसेल तर महिन्याभरात ती संपते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

फोन करण्याआधी उरलेले सामने मोजा

एक कागद घ्या आणि चार आकडे लिहा. सामने किती उरले, सुरक्षित जागेपासून आपण किती गुण मागे, उरलेल्यांतले किती सामने आपल्यासारख्याच अडकलेल्या संघांशी आहेत, आणि त्यांतले घरच्या मैदानावर किती. हे आकडे डोळ्यांसमोर नसताना कुणालाही फोन करू नका.

ॲलन शिअररचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण ते नीट वाचलं जात नाही. इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबसाठी २०६ गोल करणारा हा माणूस १ एप्रिल २००९ रोजी मॅनेजर झाला तेव्हा फक्त आठ सामने उरले होते. एक जिंकला, दोन बरोबरीत सुटले, पाच हरले. विजयाला तीन आणि बरोबरीला एक या हिशोबाने २४ पैकी ५ गुण. ‘हिरो नापास झाला’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. आता तालिका बघा. न्यूकॅसल ३४ गुणांवर खाली गेलं, हल सिटी ३५ वर वाचलं. शेवटच्या दिवशी हलसुद्धा हरलं होतं. गुण सारखे झाले तर गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात. न्यूकॅसलचा तो उणे १९ होता, हलचा उणे २५. म्हणजे शेवटच्या दिवशी ॲस्टन व्हिलाच्या व्हिला पार्क मैदानावर एक बरोबरी पुरली असती, आणि तो सामना न्यूकॅसलच्याच डेमियन डफला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेलेल्या चेंडूवर ०-१ गेला. त्याआधी घरच्या मैदानावर मिडल्सब्रोला ३-१ हरवलं होतं, आणि लगेच पुढच्याच घरच्या सामन्यात फुलहॅमकडून ०-१ हार झाली. आठातले घरचे हे दोन सामने खरे महत्त्वाचे. चेल्सी आणि लिव्हरपूलकडून मिळालेल्या पराभवांवर कुणी फार हळहळू नये. कागदावर चार आकडे लिहिले असते तर ताकद कुठे राखून ठेवायची आणि कुठे लावायची हे पहिल्या दिवशीच दिसलं असतं.

उलट उदाहरण ट्रेव्हर ब्रुकिंगचं. २००३ च्या एप्रिलमध्ये वेस्ट हॅमचे मॅनेजर ग्लेन रोडर अचानक गंभीर आजारी पडले. क्लबचा हा जुना मिडफिल्डर तेव्हा संचालक मंडळातच होता, त्याने तीन सामने हाती घेतले. दोन जिंकले, एक बरोबरीत. ९ पैकी ७ गुण, यापेक्षा जास्त कुणाकडून मागणार? तरीही वेस्ट हॅम ४२ गुणांवर खाली गेलं. त्याने काम चोख केलं होतं, गणित आधीच हरलेलं होतं.

एकाच माणसाकडे वेगवेगळा वेळ दिला तर काय होतं हे बघायचं असेल तर बर्लिनकडे बघा. पाल दार्दाई हर्था बर्लिनसाठी सर्वाधिक सामने खेळलेला खेळाडू. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याला नेमलं तेव्हा संघ १७ वा होता, १५ सामने बाकी होते. हर्था आणि हॅम्बुर्ग दोघेही ३५ गुणांवर थांबले आणि गोलफरकाने हर्था वर राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा बोलावलं, पुन्हा वाचवलं. एप्रिल २०२३ मध्ये तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा संघ तळाला होता आणि सहाच सामने शिल्लक होते. या वेळी हर्था खाली गेलं. माणूस तोच होता, क्लबवरचं प्रेमही तेवढंच होतं.

यावरून मी माझ्यासाठी एक ठोकताळा धरला आहे. दहा किंवा जास्त सामने उरले असतील तर जुन्या हिरोचा विचार करा. पाचपेक्षा कमी असतील तर आधीच इमारतीत असलेल्या कुणाकडे तरी तात्पुरतं काम द्या, ब्रुकिंगसारखं. बाहेरून मोठं नाव आणून तीन सामन्यांत त्याला खर्ची घालू नका. मधल्या पट्ट्यात असाल तर त्याला मॅनेजरकीचा अनुभव असेल तरच.

आणखी एक तारीख कागदावर लिहा: खेळाडू खरेदीची खिडकी, म्हणजे नवे खेळाडू घेण्याची ठरावीक मुदत, बंद होण्याची. शिअरर एप्रिलमध्ये आला, स्पेनच्या व्हॅलेन्सियात रुबेन बराखा फेब्रुवारीच्या मध्यावर आला. दोघांनाही एकही नवा खेळाडू घेता येत नव्हता. क्लब डिसेंबरमध्येच घसरताना दिसत असेल तर निर्णय तेव्हाच घ्या. जानेवारीची खिडकी हातात ठेवून केलेली नेमणूक आणि जानेवारी वाया घालवून केलेली नेमणूक यांत फार मोठं अंतर आहे.

नव्या मॅनेजरच्या पहिल्या विजयावर फार विसंबू नका, हेही इथेच सांगते. मॅनेजरला काढतात तेव्हा संघ बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट काळात असतो, त्यामुळे थोडी सुधारणा आपोआपही होते. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी डच लीगच्या अनेक हंगामांचा अभ्यास करून दाखवलं की तेवढ्याच घसरणीनंतर मॅनेजर न बदललेले क्लबसुद्धा साधारण तसेच सावरले. म्हणून पहिल्या दोन निकालांवर कराराची मुदत वाढवायची नाही.

त्याचे गोल विसरा, खेळणं थांबवल्यानंतरची वर्षं बघा

निवड करताना क्लब नेहमी एकच चूक करतात. त्याने आपल्यासाठी काय केलं याची उजळणी करतात. तुम्हाला विचारायचंय ते वेगळं आहे. खेळणं सोडल्यापासून तो कुठे होता? प्रशिक्षक म्हणून सलग चार सामने हरल्यावर त्याने पाचव्या सामन्याची तयारी कशी केली? हा अनुभव त्याच्याकडे नसेल तर तो अनुभव तुमच्या क्लबच्या खर्चाने घेतला जाणार आहे.

बराखाचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवणारं वाटतं. २००२ आणि २००४ ची ला लिगा, म्हणजे स्पेनची लीग, जिंकणाऱ्या व्हॅलेन्सियाचा तो मिडफिल्डर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो आला तेव्हा क्लब रेलिगेशनच्या जागांत होता आणि प्रेक्षक मालकाविरुद्ध निदर्शनं करत होते. पण बराखा थेट टीव्हीच्या स्टुडिओतून आलेला नव्हता. एल्चे, रायो वायेकानो, स्पोर्टिंग खिखोन, तेनेरीफे, सारागोसा अशा क्लबांत त्याने मॅनेजर म्हणून काम केलं होतं, काही ठिकाणांहून त्याला काढलंही होतं. गेताफेत पहिलाच सामना हरल्यावर तो गडबडला नाही यात मला नवल वाटत नाही. शेवटच्या दिवशी बेतिसशी १-१ करून व्हॅलेन्सिया ४२ गुणांवर वाचलं.

ब्राझीलच्या साओ पावलो क्लबात तर एकाच माणसाच्या दोन खेपा समोरासमोर ठेवता येतात. रोजेरिओ सेनी म्हणजे त्या क्लबचा हजाराहून अधिक सामने खेळलेला आणि फ्री किक-पेनल्टीवर शंभराहून अधिक गोल केलेला गोलकीपर. २०१७ च्या सुरुवातीला, प्रशिक्षकपदाचा काहीच अनुभव नसताना त्याला संघ दिला. जुलैमध्ये संघ रेलिगेशनच्या जागांत असताना त्याला काढलं. मग तो फोर्तालेझाला गेला, २०१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद जिंकलं, पुढे फ्लामेंगोबरोबर २०२० ची ब्राझीलची लीग जिंकली. ऑक्टोबर २०२१ मध्ये साओ पावलोने त्याला परत बोलावलं तेव्हा संघ पुन्हा घसरत होता. या वेळी त्याने तो वाचवला.

फ्रान्सचा विख्यात स्ट्रायकर थिएरी ऑन्री याच्याकडे अनुभव अगदीच नव्हता असं नाही. बेल्जियमच्या राष्ट्रीय संघात तो सहायक होता आणि तो संघ २०१८ च्या विश्वचषकात तिसरा आला. पण जगातले उत्तम खेळाडू महिन्यातून काही दिवस भेटणं वेगळं, आणि जखमी, घाबरलेला, विकून विकून पोकळ झालेला संघ रोज सकाळी सांभाळणं वेगळं. ज्या मोनाकोत त्याची कारकीर्द सुरू झाली तिथे तो ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. सगळ्या स्पर्धा धरून २० सामन्यांत ४ विजय, आणि जानेवारीत बाहेर. क्लबने आधी काढलेल्या लिओनार्दो जार्दिमलाच परत आणलं आणि १७ व्या जागेवर कसाबसा हंगाम संपवला.

माझ्या मते सगळ्यात चांगला उमेदवार बहुतेक वेळा आधीच क्लबच्या युवा किंवा राखीव संघात काम करत असतो. थॉमस शाफ जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनमध्येच वाढला, तिथेच अखेरपर्यंत खेळला, मग तिथल्याच राखीव संघाचा प्रशिक्षक झाला. मे १९९९ मध्ये फेलिक्स मागाथला काढून त्याला वर आणलं, त्याने संघ वाचवला आणि महिन्याभरात जर्मन कपच्या अंतिम सामन्यात बायर्नला पेनल्टींवर हरवलं. तो २०१३ पर्यंत राहिला. २००४ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकले. हॅम्बुर्गने ऑक्टोबर २००४ मध्ये तळाला असताना आपला माजी खेळाडू थॉमस डॉल राखीव संघातून वर आणला आणि तो हंगाम आठव्या जागेवर संपवला. दार्दाईही २०१५ मध्ये हर्थाच्या मुलांना शिकवत होता. या तिघांना कुठला मुलगा तयार आहे, कुठला फिजिओ विश्वासाचा आहे हे आधीच ठाऊक होतं. बाहेरून आलेल्या माणसाचे पहिले तीन आठवडे हे समजून घेण्यात जातात, आणि तुमच्याकडे तीन आठवडे नसतात.

न्यूकॅसलचाच जुना लाडका खेळाडू केव्हिन कीगन, त्याचं काय, असं कुणी नक्की विचारेल. फेब्रुवारी १९९२ मध्ये न्यूकॅसल दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत घसरायच्या बेतात होतं आणि मॅनेजरकीचा अनुभव नसलेला कीगन आला. शेवटच्या दिवशी लेस्टरला २-१ हरवून संघ टिकला, पुढच्या वर्षी विजेता म्हणून वर गेला. हे खरं आहे. पण मार्चमध्ये, कबूल केलेले पैसे मिळत नाहीत म्हणून तो चालता झाला होता आणि पैशाची हमी मिळाल्यावरच परतला, हेही खरं आहे. कीगनने आपल्या नावाचं वजन मालकांवर वापरलं. अननुभवी हिरो आणायचाच असेल तर असा आणा जो तुम्हाला नाही म्हणू शकतो.

लायसन्सचं एका वाक्यात: तुमच्या लीगला कुठलं प्रशिक्षक प्रमाणपत्र लागतं आणि ते नसेल तर किती आठवड्यांची सूट मिळते, हे घोषणेच्या आधी लेखी विचारून घ्या.

शेजारी कोण बसणार

स्टुअर्ट पियर्सने स्वतःच सांगितलेला किस्सा आहे. डिसेंबर १९९६ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट तळाला होतं आणि लाडका कर्णधार असलेल्या पियर्सलाच खेळता खेळता मॅनेजर केलं. आर्सेनलविरुद्धच्या पहिल्या सामन्यासाठी त्याने घरी बसून अकरा नावं लिहिली. बायकोने कागद बघितला आणि विचारलं, गोलकीपर कुठे आहे? यादीत गोलकीपरच नव्हता. फॉरेस्टने तो सामना २-१ जिंकला, जानेवारीत पियर्स महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजरही ठरला, आणि मे महिन्यात संघ शेवटच्या जागेवरून खाली गेला.

मला हा किस्सा प्रिय आहे कारण त्यात एका प्रामाणिक माणसावर किती ओझं टाकलं होतं ते दिसतं. दुसरा डोळा हवाच. आणि तो घरी नको, डगआउटमध्ये हवा. सहायक निवडताना तीन गोष्टी बघा. त्याने याच श्रेणीत अलीकडे काम केलेलं असावं. सराव आखण्याचं आणि प्रतिस्पर्ध्याच्या विश्लेषणाचं रोजचं काम त्याला आवडत असावं. आणि बंद दाराआड तो हिरोला ‘हे चुकतंय’ म्हणू शकत असावा. हिरोचा जुना सोबती आणायला माझा विरोध नाही. बराखाबरोबर कार्लोस मार्चेना आला, तोही त्याच विजेत्या संघातला. पण तिथे मुख्य माणसाकडे स्वतःचा अनुभव होता. मुख्य माणूस नवखा असेल तर सहायक मुरलेलाच हवा, आणि त्याचं नाव मुख्य घोषणेबरोबरच जाहीर व्हायला हवं.

पहिले दहा दिवस

पत्रकार परिषदेत स्वप्नं विकू नका. जुन्या गोलांच्या चित्रफिती दाखवायचा मोह होईल, तो टाळा. हिरोने एवढंच सांगावं: इतके सामने आहेत, इतके गुण हवेत, हे आम्ही असे मिळवणार. लोकांना आशा द्यायला त्याचं येणंच पुरेसं आहे.

खेळाडूंसमोरच्या पहिल्या बैठकीत त्याने स्वतःच्या काळाबद्दल बोलू नये. ‘मी असताना’ हे शब्द ड्रेसिंग रूममध्ये फार लवकर कानाला टोचू लागतात. त्याऐवजी प्रत्येकाला एकेकट्याने दहा मिनिटं भेटावं आणि एकच प्रश्न विचारावा: तुला मैदानावर नेमकं काय करायचं हे माहीत आहे का? घसरणाऱ्या संघातल्या निम्म्या खेळाडूंचं उत्तर नाही असं असतं. कारण वर्षभरात त्यांनी तीन वेगवेगळ्या पद्धती शिकलेल्या असतात.

मग सराव. इथे महत्त्वाकांक्षा गुंडाळून ठेवा. एक रचना निवडा आणि तीच ठेवा. बचावातले चौघे आणि त्यांच्यापुढचे चौघे यांच्यातलं अंतर रोज मोजून घ्या. कॉर्नर आणि फ्री किक, स्वतःच्याही आणि समोरच्यांच्याही, यांना दर दिवशी वेगळा वेळ द्या. तळाच्या संघांचे सामने एका गोलाने ठरतात आणि तो एक गोल बरेचदा थांबलेल्या चेंडूवरून येतो. जुना स्ट्रायकर मॅनेजर झाला की त्याचं मन आक्रमणाच्या सरावाकडे ओढ घेतं. सहायकाने त्याला रोज मागच्या फळीकडे आणायचं.

आता सवड कशावर खर्च करायची, तो भाग. माझं उत्तर ठाम आहे: निवडीवर. मोठ्या पगाराचा, मोठ्या नावाचा, पण पळणं सोडलेला खेळाडू बाहेर बसवायचा असतो. साधा मॅनेजर हे करतो तेव्हा पहिल्या चुकलेल्या पासवर स्टेडियम त्याच्यावर उलटतं. हिरोवर उलटत नाही, निदान लगेच नाही. हीच त्याची खरी किंमत आहे आणि ती पहिल्या तीन-चार सामन्यांतच वापरायला हवी. बराखाने राखीव संघातली पोरं आणली. एप्रिलच्या अखेरीस वायादोलिदविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल हावी गेराचा होता. मे महिन्यात रेयाल माद्रिदला १-० हरवणारा गोल दिएगो लोपेसचा, आणि शेवटच्या दिवशी बेतिसविरुद्धचा गोलही त्याचाच. वायादोलिद ४० गुणांवर खाली गेलं, व्हॅलेन्सिया ४२ वर राहिलं. त्या पोरांना खेळवायचं धाडस एखाद्या अनोळखी मॅनेजरने केलं असतं का, आणि केलं असतं तरी मेस्ताया स्टेडियमने त्यांना तेवढा धीर दिला असता का? मला शंका आहे.

शिस्तीची पहिली परीक्षाही याच दिवसांत येते. २००९ मध्ये शिअररच्या हाताखाली खेळणाऱ्या न्यूकॅसलच्या जोई बार्टनला लिव्हरपूलमध्ये लाल कार्ड मिळालं आणि क्लबने त्याला निलंबित केलं. असा प्रसंग आला की मंडळाने मॅनेजरच्या मागे त्याच संध्याकाळी उभं राहायचं. एक रात्र गेली तरी खेळाडूंना दोन घरं दिसू लागतात.

करारात दोन्ही शेवट लिहा

पहिल्या दिवशी करारात दोन परिच्छेद हवेत: संघ टिकला तर काय, गेला तर काय. गेला तर काय हे लिहायला लोकांना अपशकुन वाटतो. पण न लिहिल्यामुळे मे महिन्यात सगळं गावभर चर्चेला येतं.

खाली जाणं म्हणजे त्या माणसाचा शेवट असायलाच हवा असं नाही. फुलहॅमने फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लाउदिओ रानिएरीला काढून आपला माजी मिडफिल्डर स्कॉट पार्कर नेमला. एप्रिलच्या सुरुवातीलाच संघ खाली गेला, तरी क्लबने त्याला कायम केलं आणि २०२० मध्ये प्ले-ऑफची अंतिम लढत जिंकून तो संघ वर घेऊन आला. अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटचं त्याहून विलक्षण. जून २०११ मध्ये ते इतिहासात पहिल्यांदा खाली गेले तेव्हा मातियास अल्मेयदा त्या संघात खेळत होता. त्याने लगेच बूट काढले, मॅनेजर झाला, आणि वर्षभरात संघ परत वर आणला.

काम तात्पुरतं असेल तर परतीची वाट आधी दाखवा. डिसेंबर २०१९ मध्ये एव्हर्टन १८ व्या जागेवर असताना डंकन फर्ग्युसनने सूत्रं घेतली, चेल्सीला ३-१ हरवलं, मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनलशी बरोबरी केली. मग कार्लो आन्चेलोत्ती आले आणि फर्ग्युसन त्यांचा सहायक म्हणून राहिला. कुणाची मान खाली गेली नाही. दार्दाईसुद्धा पहिल्या खेपेनंतर क्लबच्या मुलांना शिकवायला परतला होता. क्लबने हिरोला ‘तू गेलास तरी तुझं घर इथेच आहे’ हे शब्दांत नव्हे, पदनाम आणि पगारासकट लेखी द्यावं.

त्याला ढाल करू नका

हा भाग मंडळाला आवडणार नाही. जुना हिरो आणला की मालकांविरुद्धच्या घोषणा काही आठवडे थांबतात. हे सगळ्या मालकांना कळतं, आणि कधीकधी नेमणुकीचं खरं कारण तेवढंच असतं. तसं असेल तर ते पाप आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही.

रिव्हर प्लेट खाली गेलं तेव्हा मॅनेजरच्या बाकावर होता हुआन होसे लोपेस, १९७० च्या दशकातला त्यांचा विजेता मिडफिल्डर. अध्यक्ष होता दानिएल पासारेया, तोही क्लबचा आणि देशाचा मोठा कर्णधार. अर्जेंटिनात तेव्हा रेलिगेशन तीन हंगामांच्या सरासरीवर ठरायचं. म्हणजे लोपेस नोव्हेंबर २०१० मध्ये आला त्याच्या आधीच बुडण्याचा बराचसा हिशोब मांडून झाला होता. पण रेलिगेशनचा निकाल लावणाऱ्या, बेलग्रानोविरुद्धच्या त्या दोन सामन्यांबरोबर नाव कायमचं जोडलं गेलं ते त्याचं.

म्हणून, मंडळाने नेमणुकीच्याच दिवशी स्वतःच्या चुकांची यादी जाहीर करावी. कुणाला विकलं, कुणाला घेतलं नाही, किती मॅनेजर बदलले. समर्थकांनी ती यादी मागावी. आणि ज्याला फोन आला आहे त्या माजी खेळाडूने होकार देण्याआधी ती बघायला मागावी. नाही मिळाली तर त्याने नम्रपणे नकार द्यावा. नकार दिला म्हणून त्याचं क्लबवरचं प्रेम कमी ठरत नाही.

संघ टिकला तर

टिकल्याच्या रात्री सही करू नका. साउदॅम्प्टनने मार्च २०१८ मध्ये आपला माजी खेळाडू मार्क ह्यूज आणला, आठ सामन्यांत त्याने संघ वाचवला, मे महिन्यात त्याला तीन वर्षांचा करार दिला आणि डिसेंबरमध्ये काढलं. डॉलने हॅम्बुर्गला पुढच्या हंगामात तिसऱ्या जागेवर नेलं, तरी फेब्रुवारी २००७ मध्ये संघ तळाला असताना त्यालाही जावं लागलं. बराखाने दुसऱ्या वर्षी नववी जागा मिळवली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये संघ १९ वा असताना त्याची गच्छंती झाली. आग विझवणं आणि घर बांधणं ही दोन कामं आहेत. शाफला दोन्ही जमली, म्हणून तो चौदा वर्षं राहिला.

आठवडा जाऊ द्या. मग हिरो, सहायक आणि खेळाडू खरेदी बघणारा माणूस यांना एका खोलीत बसवा आणि तीन प्रश्न विचारा. चेंडू आपल्याकडे असताना पुढच्या वर्षी आपण काय करणार? या संघातले कोणते सहा खेळाडू जाणार? आणि पहिल्या दहा सामन्यांत आठ गुण मिळाले तर तू काय बदलशील? उत्तरं गोलमोल आली तर मनापासून आभार माना, करारात लिहिलेलं पद द्या आणि जूनमध्येच दुसरा माणूस शोधा. उत्तरं नेमकी आली तर खरेदीची यादी त्याच दिवशी त्याच्या हातात द्या. पहिला सराव सुरू व्हायला तेव्हा जेमतेम महिना उरलेला असतो.